आई-बाबा, नातवंडं मोठी करून पाठवलीत तुम्ही

ती. आई-बाबांना सा. न.

फोन तर रोजच होतो, पण फोनवर तुम्ही दोघं नातवंडांशीच बोलता आणि माझ्या वाट्याला "जेवली का" एवढंच येतं, म्हणून आज लिहायलाच बसले. इथे पुण्यात पाऊस लागलाय, शाळा सुरू झाल्या, पुस्तकांना कव्हरं घालून झाली. तिकडे वर्ध्याला अजून कूलर चालूच आहे आणि शाळा उघडायला अवकाश आहे, त्यामुळे मोठी रोज कटकट करते की मामाची पोरं अजून आमरस-सरगुंडे खाऊन राह्यली आणि आम्हीच काहून होमवर्क करायचा. विदर्भात ऊन जास्त म्हणून जूनच्या शेवटाला शाळा उघडतात हे सांगून झालं, पण तिला ते अजिबात पटलेलं नाही.

मी सोबत नसताना मुलं पहिल्यांदाच तुमच्याकडे राहिली ना. खरं सांगते, नवतपा, ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता, ४५ डिग्रीत ही दोघं दुपारी घरात थांबतील का, तुमचं ऐकतील का, आणि त्यांच्यामागे धावून तुम्हीच आजारी पडाल का. आणि स्टेशनवर घ्यायला गेले तर धाकट्याचे खालचे दोन दात गायब, हाफ पँट आखूड झालेली, आणि मला मिठी मारायच्या आधी तो म्हणाला की आई बॅग मी घेतो, तुझी पाठ दुखते ना. हे त्याला कोणी शिकवलं आई? तू की बाबांनी? मी तरी नाही शिकवलं.

तो आता माझ्याजवळ झोपत नाही. गच्चीवर बाबांच्या, म्हणजे त्याच्या आबाजींच्या शेजारी वेगळी गादी होती ना त्याची, तर इथेही वेगळीच पाहिजे. पहिल्या रात्री मी त्याच्या खोलीत दोनदा डोकावून आले, तो गाढ झोपला होता आणि मलाच झोप येईना. आनंदही झाला आणि आतून पिळवटल्यासारखंही झालं, दोन्ही एकदम, ते कसं सांगू तुम्हाला, पण तुम्हाला सांगायची गरजही नाही म्हणा, बारावीनंतर मला होस्टेलला सोडून परत जाताना तुमचं काय झालं असेल ते आता कळतंय.

पहिलीच्या वर्गात गेला तर बाईंना पहिला प्रश्न काय, तर पाण्याचा माठ कुठे आहे. आई, तुझ्याकडे माठ भरायचं आणि त्यावर ओलं फडकं टाकायचं काम त्याचं होतं म्हणे. आणि सेवाग्रामचं तर विचारूच नका. गांधीजी १९३६ ला तिथे राहायला आले, मीराबेननी बांधलेली कुटी पुढे बापूकुटी झाली, हे सगळं बाबांनी सांगितलं असेलच, पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलीय, ते साप पकडायचं लाकडी साधन आणि पिंजरा. साप मारायचा नाही, धरायचा आणि लांब नेऊन सोडायचा, हे त्याने सोसायटीतल्या प्रत्येक मुलाला, वॉचमनला आणि दूधवाल्या काकांना सांगून झालंय. परवा बाथरूममध्ये पाल निघाली तर झाडू घेऊन आलेल्या स्वतःच्या बाबाला त्याने दारातच अडवलं.

पण बाबा, मला मुख्य लिहायचंय ते मोठीबद्दल. ती नऊ वर्षांची आहे आणि आत्तापर्यंत पाऊस म्हणजे तिच्यासाठी रेनकोट, भजी आणि सुट्टी मिळाली तर मज्जा. आता ती सकाळी उठल्या उठल्या माझा मोबाईल घेऊन वर्ध्याचं हवामान बघते. तुम्ही तिला बांधावर नेऊन काय काय सांगितलंत कोण जाणे, ती मला सांगते की मिरग लागला म्हणून लगेच सरकी टोबायची नसते, म्हणजे कपाशीचं बी पेरायचं नसतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि जमिनीत ओल खोल गेली की मगच, नाहीतर पावसाने दडी मारली की कोंब जळून जातात आणि परत बियाणं आणावं लागतं. दुबार पेरणीचा खर्च किती होतो हेही तिने विचारून ठेवलंय. काल इथे धो धो पडत होता, सगळी पोरं खाली भिजायला पळाली आणि ही खिडकीत उभी, म्हणते आई हा पाऊस आबाजींकडे का नाही जात. मला काही बोलताच येईना. जवळ घेतलं तिला. दुसऱ्या कोणाची तरी काळजी वाहायला लागली माझी पोर, एका उन्हाळ्यात, आणि ते झालं तेव्हा मी तिथे नव्हते.

आई, तुझ्यासोबत कुरड्या केल्या ते तर सारखं चालू असतं तिचं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चीक शिजताना हात थांबवायचा नाही. सोऱ्या फिरवून हाताला फोड आला तो मला अभिमानाने दाखवला. मी तिच्या वयाची असताना तुझ्या हाताखाली कुरड्या घालायचे, वाळवणावर कावळे हाकलत बसायचे, ते सगळं मी तिला कधी दिलंच नसतं गं, इथे फ्लॅटमध्ये वेळ कुठून आणि ऊन तरी कुठून आणणार.

आता माझं थोडं ऐका. बाबा, कूलरमध्ये बादलीने पाणी भरणं बंद करा, धाकटा सांगत होता की आबाजी बादली उचलताना गुडघा धरतात. नळाला पाईप लावून घ्या, दादाला सांगितलंय मी. आई, बीपीची गोळी संपली की सांग, अर्धी अर्धी करून पुरवू नकोस. पेरणीच्या धावपळीत दुपारचं उन्हात जाऊ नका दोघंही, पाऊस येईपर्यंत तिकडचा उन्हाळा संपलेला नसतो.

पोळ्याला आम्ही येतोय. इथे शाळेला सुट्टी नसते पण मी रजेचा अर्ज देणार. धाकट्याला तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा करायचाय, सिंदी गावातले ते मोठमोठे लाकडी बैल बघायचेत, आणि स्वतःचाही बैल पाहिजे. दादाचा जुना लाकडी बैल माळ्यावर असेल, एक चाक तुटलेला, तोच दुरुस्त करून सजवू म्हणतो. फक्त बाबा, तो काढायला तुम्ही शिडीवर चढू नका, दादाला चढू द्या. महाराष्ट्र एक्सप्रेसची तिकिटं मिळतात का बघते आणि कळवते.

तुमची,
बेबी