पिवळा दिवा आणि बाबांची कंबर

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागलाय ना, तो का लागला त्या बिघाडाचा कोड वाचायचं यंत्र मागवून टाकलंय, गुरुवारपर्यंत पोचेल. आधी विचारलं असतं तर ‘कशाला उगाच खर्च’ म्हणाला असता, म्हणून विचारलंच नाही. बाबा, रागावू नका. मी तिथे असते तर तुम्हाला हे वाचत बसावं लागलं नसतं, कळतं मला. पण अंदाजाने एकेक पार्ट बदलत जाण्यापेक्षा आधी गाडीलाच विचारलेलं बरं, नाही का?

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट आहे. तुम्ही वाकायचं नाही. दार उघडून बाहेर पाटावर बसा, आई टॉर्च धरेल. यंत्र एकाच बाजूने बसतं, जोर लावू नका. चावी ऑनवर, इंजिन बंद. ब्लूटूथ जोडताना पिन मागितला तर १२३४, नाही चालला तर ००००. अ‍ॅपमध्ये कोड दिसला की वहीत जसाच्या तसा उतरवा. तिथेच ‘क्लिअर’चं बटण असेल, त्याला हात लावायचा नाही! दिवा विझेल, पण बिघाड तिथेच राहील. वर कोड आला तेव्हाचा वेग, तापमान सगळं पुसलं जाईल आणि मेकॅनिक चाचपडत बसेल.

पी०११८ आला तर कोणीही म्हणेल, इंजिनच्या पाण्याच्या तापमानाचा सेन्सर गेला. लगेच नवा घेऊ नका. त्या तारेवर व्होल्टेज जास्त दिसतंय, एवढंच तो कोड सांगतो. सेन्सरचा प्लग सैल असला, तार तुटली, तरी हाच येतो. तेव्हा अ‍ॅपमधल्या लाइव्ह डेटात, म्हणजे चालू आकड्यांत, पाण्याचं तापमान बऱ्याचदा उणे ४० दिसतं. साताऱ्यात, उणे ४०! मग आधी तार बघायची. आपल्या शेडमधले उंदीर मी विसरले नाहीये.

पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. इंजिन गार असताना मेकॅनिकला पहिल्याचा ठिणगीचा कॉइल दुसऱ्यावर लावायला सांगा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेला. पी०३०१च राहिला तर स्पार्क प्लग बघायचा, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसा. पूर्वी बॉनेटखालून ‘दहाचा’ म्हणालात की मी बाराचा पाना द्यायचे. आता ते काम त्याच्या पोऱ्याला करू दे.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल तर पोवई नाक्यापर्यंत सावकाश चालेल. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागाचा पार्ट भाजून निघतो. म्हणजे यवतेश्वरचा घाट नाही, कास नाही, पाहुणे आले असले तरी नाही. ऑइलचा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन तिथेच इंजिन बंद.

गोळ्या वेळेवर घ्या दोघं.

तुमची,
बाळी

ता. क. काम झालं की यंत्र काढून ठेवा, गाडी उभी राहिली तर ते बॅटरी पितं. आई, कुठे ठेवायचं ते तू ठरव. बाबांनी ठेवलं की सापडत नाही.