नातीच्या झोपेप्रमाणे लिस्बन

संपादक महाशय,

आपल्या सुट्टीविशेष पुरवणीतल्या ‘नऊ दिवसांत चार देश’ छापाच्या सहली वाचून हे पत्र लिहिते आहे. गेल्या वर्षी फोंड्यातल्या एका सहलवाल्याने आम्हालाही असाच कागद दिला होता. रोज सकाळी सातला बस! नात तेव्हा वीस महिन्यांची. सातला तिला फक्त तिची आई उठवू शकते, तेही रडारड सोसून. मुलाने कागद परत केला. म्हणाला, “आई, एकच शहर आणि दिवसाला एकच गोष्ट.”

शहर मी निवडले, लिस्बन. वडील पोर्तुगीज काळात शिकलेले, तिथल्या तेजू नदीचे नाव त्यांच्याच तोंडून ऐकलेले. पण आल्फामा या तिथल्या जुन्या वस्तीतल्या पायऱ्या आणि बारीक दगडांचे पदपथ म्हणजे बाबागाडीचा काळच. म्हणून नदीकाठच्या पार्क दास नासोंयश भागात स्वयंपाकघर असलेले घर घेतले. 1998च्या जागतिक प्रदर्शनासाठी वसवलेला हा भाग सपाट आहे आणि विमानतळापासून मेट्रोने तिसरेच स्टेशन.

पहिल्या रात्री दीडला ती टक्क जागी. फोंड्यात सकाळचे सहा! कोणी चिडले नाही, कारण दुसऱ्या दिवशी काही ठरवलेलेच नव्हते. तिथले मोठे मत्स्यालय आठवड्यात तीनदा पाहिले. पेंग्विनला ती अजून ‘बदक’ म्हणते. 28 नंबरच्या प्रसिद्ध ट्राममध्ये मात्र चढलो आणि गर्दीला भिऊन दुसऱ्याच थांब्यावर उतरलो.

खाण्याची काळजी फुकट गेली. तिथे ‘कांजा’ नावाचे कोंबडी-भाताचे पातळ सूप मिळते. नावासकट ते आपल्याच किनाऱ्यांवरून गेलेले, पेजेची चुलत बहीण. नातीने वाटी चाटून पुसून संपवली. मी शाकाहारी, वासावरच भागवले. घरचे तूप मात्र कोणी बांधून नेऊ नये. युरोपात बाहेरचे दुधाचे पदार्थ चालत नाहीत, बाळाच्या दुधाच्या पावडरीला तेवढी 2 किलोपर्यंत सूट. माझी बरणी त्यामुळे घरीच राहिली, त्यावरून मुलाशी दोन दिवस अबोला. आणखी एक: बाळाला स्वतःचा पासपोर्ट आणि व्हिसा लागतोच, पण सहा वर्षांखाली शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचे) शुल्क नाही.

सर्वांत सुख रांगेत लाभले. दोन वर्षांपर्यंतचे मूल सोबत असेल तर आधी काम करून द्यायचे, असा तिथे 2016चा कायदाच आहे. दुकानात सून मागे उभी राहिली, तर लोकांनीच तिला पुढे ढकलले. पणजीत बाबागाडी सलग शंभर पावले पदपथावरून कोणी नेऊन दाखवावी, मी पैज लावते.

शेजारीण विचारते, लिस्बनजवळच्या सिंत्राचे राजवाडे पाहिले का? नाही पाहिले. त्या दुपारी नात झोपली होती.

पुरवणीत सहलींच्या शेजारी तान्ह्या मुलांच्या आईबापांसाठी एखादा कोपरा ठेवाल का? पहिला मजकूर मी लिहून पाठवीन.

— एक निवृत्त शिक्षिका, फोंडा