सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाचा

महोदय,

‘हायवेलगत प्लॉट, सुलभ हप्ते’ अशा फलकांना भुलून माणसे जमीन पाहायला जातात आणि सातबारा हाती आला की निश्चिंत होतात. सातबारा ही महसुली नोंद. मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. त्यातही नाव आणि क्षेत्र तेवढे पाहिले जाते. बँकेचा बोजा, कुळाची नोंद, पुनर्वसनाचा शेरा ‘इतर हक्क’ रकान्यात असतो, तो वाचतो कोण? ‘भोगवटादार वर्ग 2’ (विक्रीवर निर्बंध असलेली जमीन) लिहिले असेल तर विक्रीसाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. जुने फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, काढले की खरेदीखतावर सही नसलेल्या, पण जमिनीत हिस्सा असलेल्या बहिणी सापडतात. कित्येक दावे इथूनच उभे राहतात.

‘एनए (बिगरशेती) होणारच आहे’ हे तोंडी नको, लेखी कागद मागावा. 500 चौरस मीटरहून मोठ्या प्लॉटिंगला महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते. आणि रस्ता दलाल दाखवतो तो नव्हे, मंजूर रेखांकनात आहे तो.

दस्त नोंदवला म्हणजे सरकारने मालकी तपासली, असा अनेकांचा समज आहे. तसे नसते, हे दुय्यम निबंधक कार्यालयांच्या दारात ठळक अक्षरांत लिहायला काय हरकत आहे?

– एक वाचक, सातारा