झोपाळ्याच्या गाद्या

जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क
१८ मे

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

झोपाळ्याच्या गाद्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडलेत, आता टाकूनच देते, असं तू परवा फोनवर म्हणालीस. आई, इतक्यात टाकू नकोस. पाऊस यायला अजून तीनेक आठवडे आहेत, तेवढ्यात त्या निघतील.

माझ्या गॅलरीसमोरून सात नंबरची ट्रेन पुलावरून जाते आणि खाली रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूची रहदारी. खुर्च्यांच्या गाद्यांवर वर्षभर काजळी बसते. एप्रिल-मेमध्ये तिच्यावर ओक-बर्चच्या परागांचा पिवळा थर. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर इथवर आला, आभाळ नारिंगी झालं, तेव्हा तर खोळींचा जळका वास जाता जाईना. तुझी घोडबंदर रोडची धूळ याच जातीची. ती आधी कोरडीच झटकायची, मऊ ब्रशने. ओलं फडकं लागलं की काजळी विणीत मुरते, मग किती घासलं तरी डाग राहतो.

कबुतरांच्या घाणीचं मात्र उलटं. ती कोरडी खरवडू नकोस, पूड श्वासात जाते आणि बाबांना आधीच दम लागतो. मास्क लाव, पाणी मारून मऊ होऊ दे, मग पुसून घे.

ठिपक्यांसाठी आधी खोळीचं लेबल बघ. ‘सोल्युशन-डाइड अ‍ॅक्रेलिक’ असेल तर रंग धाग्याच्या आतपर्यंत असतो, गाजरासारखा. त्याला ब्लीच चालतं: चार लिटर पाण्यात एक कप ब्लीच, पाव कप साधा सौम्य साबण, पंधरा मिनिटं, मग भरपूर पाण्याने खळखळून धुवायचं. छापील पॉलिएस्टर असेल तर ब्लीच नको, रंग उडेल. कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रशच बरा. आणि आई, ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेटचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नकोस. विषारी क्लोरीन वायू निघतो. दारं-खिडक्या उघड्या ठेव, हातमोजे घाल.

पण खरं काम धुण्यात नाही, वाळवण्यात आहे. पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी गाद्या वरवर कोरड्या दिसल्या म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या. एप्रिलमध्ये उघडल्या तर आतला फोम कुबट वासाने भरलेला, हिरवा-काळा. सहापैकी चार टाकाव्या लागल्या, मला फार वाईट वाटलं. खोळ वाळते, फोम पाणी धरून ठेवतो. म्हणून खोळ काढून उलटी कर आणि उन्हात टाक. फोम पिळू नकोस, दाबून पाणी काढ आणि कडेवर उभा करून ठेव, पाणी खाली उतरेल. फोम मात्र कडक उन्हात नको, पिवळा पडून भुगा होतो. पंख्याखाली किंवा वारा येईल अशा सावलीत दोन-तीन दिवस राहू दे. मधोमध कोरडा टिश्यू दाबून धर. ओलसर झाला तर अजून थांब.

पावसाळ्यात त्या घरातच राहू देत, पण प्लास्टिकमध्ये नाही. जुन्या सुती चादरीत गुंडाळून दिवाणावर उभ्या ठेव. हवा लागली पाहिजे.

लेबलचा फोटो काढून पाठव, शिवणीच्या आत चेनजवळ असतं. तो बघितल्याशिवाय ब्लीचला हात लावू नकोस. बाबांना नमस्कार.

तुझी,
मनी