आधी कागद नाकाशी धरा

मेलबर्न, ६ मे

ती. बाबांस व सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पत्र वाचायच्या आधी कागद नाकाशी धरा. हे कोरे कागद आठ दिवस मी एका लाकडाच्या तुकड्याबरोबर डब्यात बंद करून ठेवले होते. सावंतवाडीला पोचेपर्यंत वास टिकावा, एवढीच इच्छा. बाकी सगळं फोनवर बोललो असतो, पण वास काही फोनवरून पाठवता येत नाही.

ते लाकूड म्हणजे ह्यूऑन पाईन. नाव पाईन असलं तरी हा खरा पाईन नव्हे, आणि हे झाड रानात फक्त टास्मानियात, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या बेटावर, सापडतं. गेली सहा वर्षं इथे मी स्वयंपाकघरांची कपाटं जोडतोय. बहुतेक काम दाबीव फळ्यांचं, त्यांना ना शीर ना गाठ. हात सुतारकीचा राहिलाय की नाही, असं वाटायला लागलं होतं. म्हणून या सुट्टीत लाकूड बघायलाच निघालो. तुमची सून आणि छोटी बरोबर होत्याच.

जिलाँगहून रात्रीच्या बोटीत गाडी चढवायची आणि सकाळी डेव्हनपोर्टला उतरायचं. टास्मानियात फळमाशी नाही आणि ती शिरू नये म्हणून बाहेरचं फळ बेटावर आणू देत नाहीत. आमची संत्री, सफरचंदं सगळी तपासणीत गेली. मग तपासणाऱ्या बाईंची नजर छोटीच्या मांडीवर गेली. तिथे आंबा! तुम्ही पांगाऱ्याचा कातून रंगवलेला. त्यांनी तो उचलला आणि हाताला वजन लागताच थांबल्या. अंगठ्याने देठाजवळचा रंग हलकेच घासून बघितला, मग शेजारच्या सहकाऱ्याला बोलावून त्याच्या हातात दिला. दोघांनी मिळून तो छोटीला परत केला. माझा ऊर भरून आला, बाबा.

पहिले दोन दिवस क्रेडल माउंटनला. आंबोलीला असतं तसं धुकं आणि बारीक पाऊस. चालायची वाट सुरू होते तिथे बुटांचे तळ घासायला ब्रश ठेवलेले असतात, कारण मातीतून एक बुरशी पसरते आणि झाडांची मुळं कुजवते. सगळे मुकाट्याने बूट घासतात मगच पुढे जातात. डव्ह लेकभोवती सहा किलोमीटरची फेरी आहे. छोटी पूर्ण चालली, शेवटचा चढ तेवढा माझ्या खांद्यावर. तळ्याकाठी फॅगस नावाची बुटकी झाडं एप्रिलअखेर पिवळीधमक होतात. ऑस्ट्रेलियातली झाडं बहुतेक बारमाही हिरवी, हिवाळ्याआधी पानं गाळणारं हे एक. छोटीला मात्र लक्षात राहिला तो वॉम्बॅट नावाचा इथला प्राणी, रानडुकराच्या पिलाएवढा, आणि त्याची चौकोनी लेंडी!

तुम्हाला दाखवावं असं तिथे एक घर आहे, वाल्डहाइम. गुस्ताव वाइन्डॉर्फर नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने १९१२ साली ते रानात स्वतः बांधलं, किंग बिली पाईनच्या लाकडाचं. हा डोंगर राखीव राहावा म्हणून त्याने जन्मभर खटपट केली. मूळ घर मोडकळीला आल्यावर त्याच तऱ्हेने पुन्हा उभारलं. छपराला कौलाऐवजी लाकडाच्या चिपा आहेत, त्या करवतीने कापलेल्या नाहीत, शिरेवर फोडलेल्या. करवतीने शीर मध्येच तुटते आणि तिथून पाणी आत जातं. फोडलेल्या चिपेवर ते शिरेने खाली वाहून जातं. तुम्ही बांबूच्या कामट्या काढायला शिकवताना हेच सांगत होतात. मी त्या पावसात छपराखाली उभा राहून किती वेळ वर बघत होतो कोण जाणे. सूनबाई दोनदा हाक मारून गेल्या.

तिथून स्ट्रॉन, पश्चिम किनाऱ्यावर. इथे ह्यूऑन पाईन कापणारी गिरणी आहे. दार उघडलं आणि तो वास आला. थोडा लवंगेसारखा, थोडा तुळशीसारखा, मध्ये काहीतरी गोड. याच्या तेलात मिथाईल युजेनॉल असतं. हो, आपल्या कलमांच्या बागेत फळमाशीच्या सापळ्यात घालतात तेच! त्या तेलामुळे हे लाकूड पाण्यात कुजत नाही, समुद्रातला किडा त्याला लागत नाही, म्हणून होड्या बांधायला याच्यासारखं दुसरं नाही. जवळच्या सारा आयलंडवर १८२२ ते १८३३ कैद्यांची वसाहत होती. त्या कैद्यांनी इथे शंभरावर लहानमोठी गलबतं बांधली. शेवटचं ‘फ्रेडरिक’ बांधून झालं आणि १८३४ मध्ये दहा कैदी तेच घेऊन थेट चिलीला पळाले. आपल्या हातच्या कामावर केवढा विश्वास!

हे झाड वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर जाड होतं. दोन हजार वर्षांहून जुनी झाडं उभी आहेत. म्हणून आता जिवंत झाड पाडत नाहीत. पूर्वीच्या तोडीत रानात राहून गेलेले ओंडके, बुंधे आणि नदीने काठाला आणून टाकलेलं लाकूड, एवढंच गिरणीत येतं. किती वर्षं चिखलात पडलेलं असो, आतून टणटणीत निघतं. ही राई वाचली तीही भांडून. गॉर्डन नदीवर धरण होणार होतं. १९८२ च्या डिसेंबरपासून माणसं होड्या घेऊन नदीत आडवी गेली, हजाराहून जास्त जणांना अटक झाली, आणि १ जुलै १९८३ ला इथल्या हायकोर्टाने, म्हणजे आपल्याकडच्या सुप्रीम कोर्टासारख्या सर्वांत वरच्या कोर्टाने, चार विरुद्ध तीन मतांनी ते थांबवलं.

मी सुतार आहे म्हटल्यावर गिरणीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी हातात रंधा दिला. पातं आधी नखावर लावून बघितलं, तुमच्यासारखं. ते हसले. पहिल्या हाताला पूर्ण फळीभर लांब छिलका निघाला, लोण्याच्या रंगाचा, इतका पातळ की पलीकडची खिडकी दिसत होती. आवाज जवळजवळ नाहीच. फळीवर हात फिरवला तर तेलकट मऊ. बाबा, सहा वर्षांत मला असं वाटलं नव्हतं.

होबार्टला शनिवारी सालामांका बाजार भरतो, जुन्या दगडी वखारींसमोर. मध, भाज्या, लोकरी टोप्या, आणि लाकडी वस्तूंचे ठेले. सॅसाफ्रास नावाचं फिकट लाकूड असतं, बुरशी लागली की त्यात काळे-तपकिरी पट्टे उमटतात. आपण ते डागी म्हणून बाजूला टाकलं असतं, इथे त्याच पट्ट्यांना जास्त पैसे देतात. एक कटोरा बघून मलाही पटलं. ब्लॅकवूडसुद्धा बघितलं, आपल्या बाभळीच्याच कुळातलं. शहरावर जो डोंगर उभा आहे त्याचं कुनान्यी हे मूळ नाव आता पुन्हा रुजू झालंय. इंग्रजी नाव माउंट वेलिंग्टन, आणि हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला वेलस्लीच. सालामांका हे नावही त्याच्याच एका लढाईवरून. एवढ्या लांब येऊन असई भेटली.

आता मुद्द्याचं. गिरणीतून मी एक तुकडा घेतला. चार बोटं चौरस, वीतभर लांब. महाग होता, पण सूनबाईंनीच घ्या म्हटलं. भिंग लावून लाकडातल्या वर्षाला एक पडणाऱ्या कड्या मोजल्या, एका इंचात एकोणपन्नास. म्हणजे माझ्या चार बोटांत साधारण दीडशे वर्षं. एका बाजूला चिमणीच्या डोळ्यांसारखे बारीक ठिपके आहेत.

यातून आईसाठी कुंकवाचा करंडा कातायचा आहे. अजून करवत लावलेली नाही. शीर उभी धरून कातला तर डोळे अंगावर येतील, पण मग तळाला नि झाकणाला आडवी कापलेली शीर येते, आणि झाकणाचा सांधा पुढे ढिला होईल का, याची धास्ती वाटते. आडवा धरला तर डोळे झाकणावर येतील, पण करंडा बसका होईल. तुम्ही काय केलं असतं? आणि झाकणाला किती खोल खाच ठेवायची, तेही लिहा. तुमचं उत्तर आल्याशिवाय हात लावणार नाही. गणपतीला येताना करंडा घेऊन येईन.

दादा-वहिनींना नमस्कार. तुमच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांगा, राहू देऊ नका.

तुमचा,
धाकटा