समिती आली ती भरतीला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालचा अग्रलेख वाचला. संसदेने सरकारी खर्चाला जास्त वेळ द्यावा, समित्यांना बळ द्यावं वगैरे. छान लिहिलंय, भाषा तर फारच छान. फक्त त्याच अंकाचं पहिलं पान अख्खं सरकारी जाहिरातीचं होतं, हात जोडलेले मोठ्ठे फोटो, ते उलटून मग बातम्या आणि मग कुठे तुमचा अग्रलेख. ती जाहिरात खर्चाच्या कुठल्या मागणीखाली मंजूर झाली आणि तिच्यावर सभागृहात किती मिनिटं चर्चा झाली तेही एकदा छापा की. असो.

२३ मार्च २०२३ ला लोकसभेत ४५ लाख कोटींचं बजेट गोंधळातच गिलोटीन लावून, म्हणजे सगळ्या मागण्या एकदम मताला टाकून, चर्चेविना पास झालं याचं तुम्हाला वाईट वाटतंय, मलाही वाटतं, पण २०१८ ला तेच झालं होतं आणि त्याआधी काँग्रेसच्या राज्यात २०१३ ला पण तेच, तेव्हा आत्ताच काहीतरी बिघडलंय असं कशाला दाखवायचं. आणि दिल्ली कशाला, आपल्या विधानसभेचंच घ्या. २०२४ ला २८ जूनला बजेट मांडलं आणि ९ जुलैला ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटवर आणखी वाढीव खर्च! महिन्याचं वाणसामान भरल्यावर दहा-अकरा दिवसांत आणखी एक लांबलचक यादी हातात आली तर घरात कोणीतरी विचारतं की पहिली यादी करताना झोपला होतात काय. तिथे कोणी विचारलं असेल तर ते तुमच्या पेपरात तरी माझ्या वाचनात आलं नाही.

पण तुमचं जे मुख्य म्हणणं आहे ना, की समित्या प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करतात म्हणून त्यांना अधिकार द्या, ते वाचून मात्र राहवलं नाही म्हणून हे पत्र. समिती जागेवर येते म्हणजे काय होतं ते मी बघितलंय.

आमच्या गावात खाडीवर एक जेटी आहे. काही कोटींची. बांधायच्या आधी आमच्या खारवी म्हणजे मच्छीमार लोकांनी, वाडीतल्या होडी हाकणाऱ्या जुन्या तांडेलांनी सांगितलं होतं की साहेब इथे गाळ भरतो, सुकतीला म्हणजे ओहोटीला इथे होडी लागणार नाही, थोडं पुढे नाकाडाजवळ घ्या तिथे बारमाही पाणी असतं. उत्तर काय, तर एस्टिमेट याच जागेचं मंजूर आहे, जागा बदलली तर पुन्हा वरून मान्यता आणावी लागेल, निधी मार्चला परत जाईल. मग काय, मार्च सांभाळला आणि जेटी गाळात बांधली. आज पाणी ओसरलं की होड्या लांब उभ्या राहतात आणि बायका डोक्यावर मासळीच्या टोपल्या घेऊन गुडघाभर गाळातून चालत येतात, बाजूला काँक्रीटची जेटी कोरडी ठणठणीत. अगदीच वापर नाही असं नाही हां. सुकी मासळी घालायला उत्तम, आणि हल्ली बाहेरून जोडपी येतात लग्नाआधीचे फोटो काढायला, मागे सूर्य वगैरे.

तर या जेटीच्या पाहणीला आमदारांची एक समिती आली. समितीचं नाव लिहीत नाही, उगाच कोणाला त्रास नको. दौऱ्याचा कार्यक्रम ठरवला कोणी, तर ज्या खात्याने जेटी बांधली त्याच खात्याच्या साहेबांनी! आणि दिवस कुठला काढला? पौर्णिमा. वेळ साडेअकरा. आता किनाऱ्यावरच्या शाळकरी पोराला पण माहीत असतं की तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, पौर्णिमेचे पंधरा म्हणजे सव्वाअकरा. त्यात पौर्णिमेचं उधाण. जेटीला पाणी कसं, काठोकाठ! लाटा थपाथप आपटतायत, दोन होड्या रंगवून, झेंडे लावून खुंट्याला बांधून ठेवलेल्या, समिती खूष. एका आमदारांनी विचारलं इथे डॉल्फिन दिसतात का. मी म्हटलं दिसतात साहेब, पण तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबलात तर जेटीचे पाय पण दिसतील. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

हेच जर अष्टमीला आले असते, आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला सुकती, तर गाडीतून उतरल्यावर बूट गाळात रुतले असते आणि अहवाल आपोआप लिहिला गेला असता. पण अष्टमीला कोण आणतंय.

मी लिहून नेलेलं निवेदन दिलं, फोटोंसकट, सुकतीचे फोटो. अध्यक्षांनी ते घेतलं, पीएकडे दिलं, पीएने शेजारी उभ्या असलेल्या साहेबांकडे दिलं, आणि साहेब म्हणजे तेच, ज्यांच्याविरुद्ध निवेदन! माझ्या डोळ्यांदेखत. मग मंडळी रेस्ट हाऊसला जेवायला. सुरमई होती म्हणे. तरी धुळ्याच्या मानाने आमच्याकडे साधंच म्हणायचं, तिथे मे २०२५ मध्ये विधिमंडळाच्या अंदाज समितीच्या दौऱ्याच्या वेळी रेस्ट हाऊसच्या खोलीत १ कोटी ८४ लाख रोख सापडले होते, आमचं सुरमईवर भागलं. पुढे चार दिवसांनी त्या साहेबांचाच मला फोन, काका तुमचा अर्ज माझ्याकडेच आलाय, कशाला त्रास करून घेता या वयात. आणि कित्येक महिन्यांनी लेखी उत्तर: ‘सदर जेटी सुस्थितीत असून वापरात आहे.’ सही त्यांचीच.

आता तुम्ही म्हणाल एका जेटीवरून संसद कशाला मोजता. तुम्ही सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं कौतुक केलंय, लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ खासदार, १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा, सगळं मान्य. पण ती समिती बघते कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल, कॅग बघतं झालेला खर्च, म्हणजे काँक्रीट वाळल्यावर, तेही अहवाल पटलावर येतो तो आपल्याकडे बहुतेक अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, सगळे बॅगा भरून बसलेले असताना. वर समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. कारवाई केली असा कागद परत येतो, आमच्या साहेबांच्या उत्तरासारखाच असणार तो.

गुहागरवाल्यांना तर हे शिकवायलाच नको. मे १९९६ ला वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार, लोकसभेत विश्वासदर्शक ठराव जिंकलेला नाही, आणि जाता जाता एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या इथल्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या काउंटर गॅरंटीला, म्हणजे राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल या हमीला, मंजुरी देऊन मोकळं. एवढा मोठा बोजा डोक्यावर घेताना सभागृहाला विचारलं कोणी? त्याची तपासणी करायला गोडबोले समिती बसली ती २००१ ला, तोपर्यंत दाभोळचा प्रकल्प उभा राहून, वीज महाग पडून, बिलं थकून झाली होती. मग तो पांढरा हत्ती पोसायला एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्या, म्हणजे परत आपलेच पैसे. समितीचा अहवाल चांगला होता म्हणतात. असेल.

आणि चिपळूणचं तिवरे धरण, २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, माणसं वाहून गेली, आणि मंत्री म्हणाले खेकड्यांनी पोखरलं. त्या धरणाला गळती लागल्याचं गावकरी आधीपासून सांगत होते. त्यांचं ऐकायला कुठली समिती अधिवेशनातून वेळ काढून गेली होती हे कोणीतरी दाखवून द्यावं. मुंबई-गोवा हायवेबद्दल तर मी लिहीतच नाही, २०११ पासून चाललंय, पत्राची जागा संपेल.

तेव्हा अग्रलेखात बळ द्या बळ द्या म्हणण्यापेक्षा एवढं लिहा की पैसे मंजूर करायच्या आधी जागा बघायला या, जिथे काम आहे तिथल्या चार माणसांना विचारा आणि त्यांनी काय सांगितलं ते एस्टिमेटला जोडा, म्हणजे नंतर कोणी ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणायला नको. आणि समितीचा दौरा ज्याची तपासणी आहे त्यानेच ठरवायचा हे तरी बंद करा. याला कायदा लागत नाही, पैसा पण लागत नाही.

जाता जाता एक. तुमच्या कोकण आवृत्तीत आतल्या पानावर रोजची भरती-ओहोटीची वेळ यायची, बारीक चौकट होती. ती गेल्या वर्षापासून गायब आहे आणि त्या जागी कुठल्यातरी फार्महाऊस प्लॉटची जाहिरात असते. फोन केला तर तुमच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली मोबाईलवर बघा. आमच्याकडे पावसात रेंज नसते. मी पंचांगावरून काढतो ते ठीक आहे, पण नवीन पोरं होड्या घेऊन जातात त्यांच्यासाठी तरी ती चौकट परत सुरू करा.

आपला,
एक जुना वाचक, ता. गुहागर

(नाव-पत्ता सोबत पाठवलाय, पण छापू नका. पुतण्या त्याच काँट्रॅक्टरकडे सुपरवायझर आहे.)