फोटॉनला इलेक्ट्रॉनच लागतो असे नाही

महोदय,
रविवार पुरवणीच्या विज्ञान सदरात ‘इलेक्ट्रॉन नसलेल्या पदार्थातून किरण आरपार जातील’ असे ठासून लिहिले आहे. तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीवर उमेदीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला ते खटकले. फोटॉनला, म्हणजे प्रकाश, क्ष-किरण, गॅमा किरण यांच्या कणाला, हवा असतो विद्युतभार, मग तो कोणाचाही असो. प्रोटॉनही त्याला विखुरतो. फक्त तो इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, आणि कमी ऊर्जेला विखुरणे वस्तुमानाच्या वर्गाने घटते. म्हणजे परिणाम सुमारे ३४ लाख पट क्षीण. क्षीण म्हणजे शून्य नव्हे!

गॅमा किरण तर केंद्रकच फोडतात. ध्रुवमध्ये जड पाणी असते. त्यातल्या ड्युटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) केंद्रकाला सुमारे २.२ एमईव्हीहून (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) अधिक ऊर्जेचा गॅमा भिडला की न्यूट्रॉन सुटतो. भट्टी बंद केल्यावरही इंधनातून गॅमा निघत राहतात, त्यामुळे न्यूट्रॉन मोजणाऱ्या यंत्राचा काटा चटकन तळाला जात नाही, हळूहळू उतरतो. नवी पोरे काटा बिघडला म्हणून धावत यायची. हे केंद्रक असे फुटते, हे चॅडविक आणि गोल्डहाबर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३४ मध्येच दाखवले होते.

आमच्या सोसायटीतली दहावीची मुले या सदराची कात्रणे वहीत चिकटवतात. तेव्हा येत्या रविवारी चौकटीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त तंत्रज्ञ, चेंबूर, मुंबई